एकतीस ओळी

सुदर्शन बायकोला मारायचा तेव्हा हात सोडून बाकी सगळीकडे मारायचा. पाठ, मांड्या, पोट, कानशील, एकदा तर पायाचे तळवे. पण तिच्या हातांना त्याने तीन वर्षांत धक्का लावला नव्हता. याला कोणी दया समजू नये. आम्रपालीच्या हातांवर घर चालत होतं, आणि दुभत्या म्हशीच्या आचळावर काठी घालण्याइतका सुदर्शन खुळा नव्हता.

तो भोसरीच्या एका कारखान्यात फिटर होता. अठ्ठ्याण्णव साली कंपनीने परदेशी यंत्रं आणली आणि देशी माणसं स्वेच्छानिवृत्ती या गोड नावाखाली घरी पाठवली. चौतिसाव्या वर्षी निवृत्त झालेला माणूस दिवसभर करणार काय? काही दिवस त्याने टीव्ही पाहिला. मग त्याचाही कंटाळा आला. विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याच्या आतल्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत टीव्ही सोडला तर दोनच गोष्टी होत्या, आम्रपाली आणि तिचं यंत्र. यंत्र कमावतं होतं.

यंत्र म्हणजे जुना घरगुती कॉम्प्युटर. कीबोर्डाच्याच पोटात सगळं काही, बाजूला फ्लॉपीची फट, आणि पडदा म्हणून घरचाच टीव्ही. कोरेगाव पार्कातून मायदेशी परतणाऱ्या एका जर्मनाकडून आम्रपालीच्या धाकट्या भावाने, राकेशने, कॉलेजात असताना तो उचलला होता. त्यावर एका वेळी फक्त चार आवाज निघत. त्या चारांत आम्रपाली ढोलकी बसवायची, बासरी बसवायची, पावसाळ्यातला ओढा बसवायची, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की आत दहा-बारा माणसं मांडी घालून बसली आहेत. पुढे राकेशला नवे पीसी मिळाले आणि हे जुनं यंत्र लग्नात ताईबरोबर सासरी आलं.

राकेशचं स्वारगेटजवळ दुकान होतं. डीटीपी, सीडी रायटिंग, आवाजाची कामं. शाळकरी मुलांसाठी सीडी काढणाऱ्या एका कंपनीला मागे वाजायला छोटे छोटे तुकडे लागत. ते आम्रपाली करायची. तिच्या यंत्राची फाईल त्या कंपनीच्या कॉम्प्युटरला कळत नसे, म्हणून ती पीसीला चालेल अशा फ्लॉपीवर उतरवून द्यायची, आणि राकेश त्या फाईलचं साध्या आवाजाच्या फाईलमध्ये रूपांतर करून पुढे पाठवायचा. फ्लॉपी नेण्या-आणण्याचं काम सुदर्शनकडे. दर दुसऱ्या सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो बसने स्वारगेटला जायचा, मेहुण्याबरोबर चहा घ्यायचा. राकेश त्याला दाजी दाजी करायचा. जाताना सुदर्शन दाराला बाहेरून कुलूप घालायचा आणि फोनच्या डायलला छोटं कुलूप.

कुलपाचं कारण होतं. लग्नानंतर सहा महिन्यांनी आम्रपाली एकदा माहेरी निघून गेली होती. सुदर्शन आठ दिवसांनी हात जोडून दारात उभा राहिला. विहारातली दोन वडीलधारी माणसं बरोबर होती, आणि विहारात पंचशील म्हणताना सुदर्शनचाच आवाज सगळ्यांत खणखणीत असल्यामुळे त्यांचाही त्याच्यावर जीव. आम्रपालीची आई, चंद्रभागाबाई, विरघळली. एक संधी दे म्हणाली. ती संधी सुदर्शनने रिक्षातून उतरल्यावर तासाभरात वापरली.

आता त्या फाईलींची एक गंमत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. त्या यंत्रातल्या गाण्याच्या फाईलीत वाद्यांसाठी एकतीस जागा असतात आणि प्रत्येक जागेला नाव द्यायला बावीस अक्षरांची एक ओळ. एका तुकड्याला वाद्यं लागतात सात-आठ. बाकीच्या ओळी रिकाम्या. जगभरची संगीत करणारी पोरं त्या रिकाम्या ओळींत वाटेल ते लिहीत, मित्रांना नमस्कार, शिव्या, स्वतःचा पत्ता. गाणं वाजवणाऱ्याला त्या ऐकू येत नाहीत, फाईल उघडून बघणाऱ्यालाच दिसतात. ही भानगड आम्रपालीला राकेशनेच शिकवली होती. कॉलेजच्या दिवसांत दोघं भावंडं एकमेकांच्या फाईलींत इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. आईचं पिठलं आज करपलं. मागच्या गल्लीतली पूर्वा तुला विचारत होती. धाकटी बहीण नम्रता मधे मधे यायची, तिला काही कळायचं नाही, आणि ही दोघं खिदळायची.

तर मार्च महिन्यात, सुदर्शनने पट्ट्याचं बक्कल वापरलं त्या आठवड्यात, आम्रपालीने नवव्या ओळीपासून लिहायला सुरुवात केली.

बारा मार्च. पट्टा.

बाहेरून कुलूप असतं.

आईला सांग. ये.

फ्लॉपी गेली. पंधरा दिवसांनी कोरी फ्लॉपी आणि नव्या कामाचा कागद आला, बाकी काही नाही. तिने पुन्हा लिहिलं. एप्रिलात लिहिलं, दात हलतोय. मे महिन्यात लिहिलं, लघवीतून रक्त. प्रत्येक फाईलीत लिहिलं. पलीकडून हूं नाही की चूं नाही. तरी राकेशबद्दल तिच्या मनात किंतु आला नाही, कारण तिच्याकडे उत्तर तयार होतं. सुदर्शनच एकदा म्हणाला होता, "तुझ्या भावाने कसला तरी प्रोग्रॅम केलाय. सगळ्या फाईली एकदम घालतो, चहा पिऊन येईपर्यंत काम तयार. उघडून बघायची पण गरज नाही." झालं! तिने मनाशी पक्कं केलं, की तिच्या ओळी त्या प्रोग्रॅमच्या घशात जातायत आणि बिचाऱ्या राकेशला पत्ता नाही. आपल्या माणसाला माफ करायचं ठरवलं की कारणं काय, पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवतात.

ऑगस्टमध्ये सुदर्शन स्वारगेटहून आला तो दारातच बोलला.

"तुझं दुकान बंद. त्या कंपनीला आता बाहेरच्या तयार सीड्या मिळतात. हे पाच तुकडे दे, आणि मग बस."

एवढं बोलून त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. भाजी निवडत होती ती. तिच्या हातातली गवारीची शेंग तिथेच राहिली. सुदर्शन हसला आणि आत कपडे बदलायला गेला. आम्रपालीला स्वच्छ कळलं, की शेवटची फ्लॉपी गेली की आपल्या अंगावर न मारण्याजोगी एकही जागा उरणार नाही. माहेरापर्यंत पोचणारी एकच वाट होती, तीही पुढच्या फेरीला बंद होणार होती. तिला भयंकर भीती वाटली. भीतीने तिचं डोकं मात्र चालायला लागलं.

राकेश फाईल उघडत नाही ना? मग ती उघडावीच लागेल असं करायचं.

गाण्याची फाईल म्हणजे पानांची यादी. पहिलं पान वाजतं, मग दुसरं, मग तिसरं, आणि शेवटचं पान संपलं की रूपांतर संपतं. पाचव्या तुकड्याच्या शेवटच्या पानावर आम्रपालीने एक आज्ञा घातली, पुन्हा पहिल्या पानावर जा, म्हणजे लूप. आता त्या गाण्याला शेवटच नव्हता. प्रोग्रॅम बिचारा लिहीत बसणार, आवाजाची फाईल फुगत जाणार, आणि डिस्क भरून मशीन ठप्प झालं की राकेशला झक मारत आत बघावं लागणार. तिने आठ वाद्यं लावली आणि खाली लिहिलं.

राकेश, ही शेवटची.

तो मारून टाकेल.

आजच ये. पोलीस आण.

सोमवारी सुदर्शन गेला, कुलूप लागलं, आणि आम्रपाली दाराला पाठ लावून बसली. भाऊ याच दारातून येणार होता. दुपारी तीनला कुलपात किल्ली फिरली. एकटा सुदर्शनच आत आला. घामाघूम झालेला.

"दोन तास!" त्याने चपला भिंतीवर भिरकावल्या. "दोन तास त्या भिकारड्या दुकानात बसवून ठेवलं मला! काय करून ठेवलं होतंस? मशीन भरलं म्हणे त्याचं. गिऱ्हाइकांसमोर माझी अब्रू!"

"त्याने फाईल उघडली?" आम्रपालीच्या तोंडून निघून गेलं.

"उघडली म्हणजे काय, स्वतः बसून दुरुस्त केली. मला बाहेर चहाला पाठवलं, नंतर ही फ्लॉपी दिली. म्हणाला, ताईला म्हणावं एकदा बघून घे." त्याने फ्लॉपी तिच्या तोंडावर फेकली आणि मागोमाग तिचे केस धरले.

त्या दिवशी त्याने तिला मोरीच्या कठड्यावर आपटलं. कपाळ फुटलं. मग पडल्या जागी लाथा घातल्या, दमला तेव्हा थांबला, पाणी प्यायला आणि पुन्हा घातल्या. पलीकडच्या दुर्गाबाई घरातच होत्या. त्यांची एक खासियत होती. यंत्रावर ढोलकी जरा जोरात वाजली की त्या भिंतीवर लाटणं आपटून ओरडत, "अहो, आवाज कमी करा!" पण माणूस भिंतीवर आपटलं जाई तेव्हा त्यांचं लाटणं पोळ्यांत गुंतलेलं असे.

आणि आम्रपाली? खोटं कशाला सांगा, आम्रपाली खूश होती. तोंडात रक्ताची चव होती, बरगडीत कळ उठत होती, आणि मनात एकच, त्याने वाचलं. राकेशने वाचलं! फ्लॉपी परत पाठवली म्हणजे त्यात निरोप आहे. कधी येतोय ते लिहिलं असेल. मार खाताना माणूस मनातून हसू शकतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुदर्शन यंत्राला गिऱ्हाईक बघायला बाहेर पडला. कुलूप लागल्याचा आवाज आल्याबरोबर तिने टीव्ही लावला, फ्लॉपी घातली. पाचवा तुकडा. आठ वाद्यं, खाली तिच्या तीन ओळी, जशाच्या तशा. त्याखाली बाराव्या ओळीपासून राकेश.

ताई, रागावू नकोस.

मी सगळं वाचलंय.

मार्चपासून.

आईला सांगितलं नाही.

नम्रताचं ठरतंय.

दिवाळीपर्यंत थांब.

दाजींना काम नाही ना.

तू जरा नमतं घे.

लूप नको टाकूस.

डिस्क भरली माझी.

आम्रपालीने ते तीनदा वाचलं. राकेश एकेक फाईल उघडत होता. बारा मार्चची, एप्रिलची, दाताची, रक्ताची. वाचत होता, बंद करत होता, रूपांतर करून पुढे पाठवत होता, आणि दर दुसऱ्या सोमवारी मारणाऱ्याला चहा पाजत होता. तिला रडू आलं नाही. तिला राग आला. सुदर्शनचा तिला तीन वर्षांत कधी एवढा राग आला नव्हता. सुदर्शनची तर नुसती भीती वाटायची. हा राग निराळाच होता, आणि तो आल्याबरोबर भीतीला अंगात जागा उरली नाही. आता कोणी येणार नव्हतं. ठीक आहे, नाही तर नाही. तिने फ्लॉपी काढली आणि ब्लाउजमध्ये खोचली.

सुदर्शन अकराच्या सुमारास आला. बरोबर कोणी नव्हतं.

"भंगारात पण कोणी घेत नाही तुझं ते डबडं," तो म्हणाला. "विचारतो तो हसतो."

मग त्याने दार आतून लावलं आणि तिचा डावा पंजा धरला. पहिल्यांदाच. अगदी सावकाश, वस्तू तपासावी तसा उलटसुलट करून पाहिला.

"आता या बोटांचा काय उपयोग, सांग बरं?"

उत्तराची वाट न बघता त्याने तिला आतल्या खोलीच्या दाराशी ओढलं, बोटं बिजागरीच्या फटीत कोंबली आणि दार लाथेने लोटलं. दोन बोटं मोडली. आम्रपाली किंचाळली ती पार आळंदी रस्त्यापर्यंत ऐकू गेली असेल. दार तिरकं अडकलं होतं. तो पुन्हा लाथ घालायला मागे सरला, तेवढ्यात तिने हात उपसून काढला आणि यंत्राच्या टेबलावर जाऊन कोसळली. त्या यंत्राचा वीज देणारा डबा वेगळा असतो, जाड वायरीच्या टोकाला, विटेएवढा आणि विटेहून जड. तो तिच्या उजव्या हाताला लागला. सुदर्शन तिच्या मानेला धरायला वाकला, आणि तिने वायर धरून तो डबा फिरवला.

पहिला त्याच्या कानावर बसला. तो आश्चर्याने बघतच राहिला. तीन वर्षांत त्याला कोणी मारलं नव्हतं आणि ते कसं लागतं हे तो विसरला होता. दुसरा कपाळावर. तो गुडघ्यावर आला. "अगं," एवढंच म्हणाला. तिसरा तिने उभं राहून, नीट बघून मारला. सुदर्शन कुशीवर पडला आणि फरशीवरून रक्त मोरीकडे वाहायला लागलं. चौथ्यासाठी हात वर गेला होता. तो तिने खाली आणला. दया म्हणून नाही, डावा हात इतका ठणकत होता की तिला दिसेनासं झालं होतं. तो श्वास घेत होता. तिने ते पाहिलं, त्याच्या खिशातली किल्ली घेतली, फोनच्या डायलचं कुलूप काढून बाजूला ठेवलं आणि दार सताड उघडलं.

दुर्गाबाई जिन्यात उभ्या होत्या. आत डोकावल्या, तोंडावर हात धरला.

"अगं बाई, हे काय केलंस?"

"आवाज कमी केला," आम्रपाली म्हणाली. "फोन उघडाच आहे. त्याच्यासाठी गाडी बोलवा." आणि साडीच्या पदरात डावा हात गुंडाळून ती चालत चौकीवर गेली.

सुदर्शन जगला. डोक्याला चौदा टाके पडले, आणि शुद्धीवर येताच त्याने जबाब दिला, की बायको डोक्याने अधू आहे, मी पाठमोरा असताना तिने मारलं. विहारातली ती दोन वडीलधारी माणसं दवाखान्यात जाऊन त्याच्या उशाशी बसली. फौजदार तसा भला माणूस होता, पण कागदावर चालणारा.

"तीन वर्षं मारत होता म्हणता. मग एक तरी तक्रार? एक चिठ्ठी? कोणाला सांगितलंत?"

"लिहिलंय सगळं, तारखेसकट." आम्रपालीने प्लास्टर घातलेल्या हाताने फ्लॉपी टेबलावर सरकवली.

हवालदार सर्जेरावांनी ती उलटीपालटी करून पाहिली. "आमच्या हितं ही उघडायची न्हाई, बाई."

"इथे नाही उघडायची. माझ्या भावाच्या दुकानात उघडते. मला तिथे न्या, पंच न्या, आणि त्यालाच वाचायला लावा."

गुरुवारी सकाळी पोलिसांची गाडी स्वारगेटजवळ थांबली. शेजारचा पानवाला आणि समोरचा चष्मेवाला पंच म्हणून उभे राहिले. दुकानाच्या वरच राकेशचं घर. गाडी बघून चंद्रभागाबाई खाली आल्या. लेकीचं कपाळ आणि हात बघून त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मटकन बसल्या. राकेशच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"साहेब, या जुन्या फाईली," तो फौजदाराला म्हणाला, "नेहमी उघडतीलच असं नाही."

"सोमवारी उघडली होतीस," आम्रपाली म्हणाली. "दाजी चहा प्यायला गेले होते तेव्हा."

राकेशने फ्लॉपी घातली. पाचवी फाईल उघडली. फौजदाराने जुन्या फाईलीही मागितल्या. त्या मशीनवरच होत्या, एकूण एक. राकेश त्या उघडायला लागला आणि वाचायला लागला. ओठांतल्या ओठांत.

"मोठ्याने," फौजदार म्हणाला.

"बारा मार्च. पट्टा," राकेशने वाचलं. "बाहेरून कुलूप असतं. आईला सांग. ये."

सर्जेराव लिहून घेत होते. चष्मेवाल्याने चष्मा काढला. राकेशने एप्रिल वाचला, मे वाचला. रक्ताच्या ओळीपाशी त्याचा आवाज फाटला, तरी वाचली. जून. जुलै. चंद्रभागाबाई पायरीवर बसल्या बसल्या पुढे झुकून ऐकत होत्या. त्यांना काही केल्या उलगडत नव्हतं.

"हे तुझ्याकडे कधी आलं रे?" त्यांनी विचारलं. "आज सापडलं का?"

राकेशने शेवटची फाईल पुढे घेतली. ताईच्या तीन ओळी वाचल्या. मग त्याची नजर खाली गेली आणि हात आपोआप कीबोर्डाकडे सरकला. सर्जेरावांनी तो मनगटाला धरून बाजूला ठेवला.

"ताई, रागावू नकोस," राकेश वाचू लागला. "मी सगळं वाचलंय. मार्चपासून."

चंद्रभागाबाई उठून उभ्या राहिल्या. पायातली चप्पल त्यांच्या हातात कधी आली ते कोणालाच दिसलं नाही. पहिली बसली ती राकेशच्या तोंडावर, दुसरी मानेवर, तिसरी डोकं झाकणाऱ्या हातांवर. त्या ओरडत नव्हत्या, रडत नव्हत्या. दात-ओठ खाऊन नुसत्या मारत होत्या. फौजदार एकदा पुढे झाला आणि का कोण जाणे, पुन्हा मागे सरला.

"ताई!" राकेश खुर्चीतून ओरडला. "ताई, आईला सांग ना!"

आम्रपालीने आईचं मनगट धरलं. चप्पल काढून घेतली, खाली तिच्या पायाशी ठेवली.

"थांब, आई," ती म्हणाली. आणि मग भावाकडे वळून, "तू वाच. अजून सात ओळी आहेत."